रोग पाच टक्क्यांवर रोखायचा, मदत मात्र तेहतीसपासून: सीमेवरच्या केळीचा उलटा हिशेब

इंदूर : चोइथराम मंडीत पहाटे केळीची गाडी लागली की ती बऱ्हाणपूरची की रावेरची, याची चौकशी फारसं कुणी करत नाही. घड बघतात, भरणी बघतात, भाव ठरतो. माल एकच आहे, ग्रँड नैन. तापीकाठची काळी जमीन सारखीच, ठिबक सारखं, रोपंही पुष्कळदा एकाच लॅबमधली. बऱ्हाणपूरच्या लिलावात काय भाव फुटला ते सकाळीच रावेर-यावलच्या मोबाइलवर पोचतं आणि तिकडचे सौदे त्या आकड्याकडे बघून ठरतात. बाजाराने ही सीमा कधीच पुसली आहे. रोगानेही पुसली आहे. रोगाशी लढायची सरकारी व्यवस्था मात्र अजून चोरवडच्या नाक्यापाशी थांबते.

२०२० च्या पावसाळ्यात रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा या पट्ट्यात सीएमव्ही म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरसने धुमाकूळ घातला. खानदेशात याला ‘हरण्या’ म्हणतात. दोन-अडीच महिन्यांच्या बागा शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने उपटून बांधावर टाकल्या. २०२२ मध्ये तेच चित्र पुन्हा दिसलं. बऱ्हाणपूरकडेही हा रोग नवा राहिलेला नाही. दर वेळी क्रम तोच: पाऊस लांबतो, पानं पिवळी पडतात, बागा उपटल्या जातात, निवेदनं दिली जातात, पंचनामे होतात आणि वर्ष-दीड वर्षाने कुठे मदतीची चर्चा सुरू होते.

शास्त्रज्ञांनी उपाय सांगितला नाही असं नाही. सांगितला आहे आणि तो सोपा आहे. पण तो उपाय करणाऱ्याला आपल्याकडे एक पैसा मिळत नाही, आणि न करता थांबणाऱ्याला थोडा तरी मिळतो. अडचण तिथे आहे.

औषधाने का भागत नाही

हरण्याची सुरुवात पानावरच्या पिवळ्या रेघांपासून होते. शिरांच्या कडेने पट्टे दिसतात, पान अरुंद होतं, कडा वळतात, पुढे पोगा सडतो. झाड जगलंच तर नीट निसवत नाही. घड आला तरी तो बाजारात नेण्याजोगा नसतो. विषाणू एकदा झाडात गेला की त्याला बाहेर काढणारं औषध जगात कुठेही नाही.

तो पसरवतो मावा. इथली एक गोष्ट बरेच जण लक्षात घेत नाहीत. मावा रोगट झाडावर बसून सोंड टोचतो तेव्हा काही सेकंदांत ते मिनिटाभरात विषाणू त्याच्या तोंडाला लागतो, आणि पुढच्या झाडाला तो तितक्याच झटपट देतो. म्हणजे फवारलेल्या झाडावर मावा बसला तर तो मरेल, पण मरण्याआधी त्याने टोचलेलं असतं. फवारणीने माव्याची संख्या कमी होते, म्हणून ती हवीच. पण रोगट झाड शेतात उभं ठेवून नुसत्या फवारण्या करत राहणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

शिवाय या विषाणूला केळीच लागते असं नाही. काकडी, भोपळा, कारली, टोमॅटो, मिरची आणि बांधावरचं बरंचसं तण, सगळीकडे तो राहतो. मृगबागेत सुरुवातीचे तीन महिने आंतरपीक म्हणून काकडीवर्गीय वेल घेतले तर रोगाला घरात आणून बसवल्यासारखं होतं. ढगाळ हवा, रिपरिप पाऊस आणि उतरलेलं तापमान असं हवामान आठ-पंधरा दिवस राहिलं की मग आवरणं कठीण.

म्हणून जळगावच्या केळी संशोधन केंद्रापासून तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रापर्यंत सल्ला एकच असतो. लागवडीनंतर सुरुवातीचे काही महिने दर चार-पाच दिवसांनी बाग फिरून बघा. पट्टे दिसलेलं झाड आधी फवारा, मग कंदासकट काढा आणि लांब नेऊन खड्ड्यात पुरा. पाच-दहा झाडं असतानाच काढा. उपटलेली झाडं बांधावर किंवा नाल्यात टाकू नका, कारण वाळत्या झाडावरचा मावा उठून शेजारच्या बागेत जातो.

हिशेब उलटा कुठे होतो

आता हेच कागदावर मांडून बघू. पाच बाय पाच फुटांवर लागवड धरली तर एकरी साधारण १,७४० झाडं बसतात. दोन महिन्यांच्या झाडावर रोप, लागवड, खत, मजुरी मिळून तीस रुपये खर्च झाला असं हिशेबापुरतं धरा. पाच टक्के झाडांना रोग दिसला तर ती झाली ८७ झाडं. उपटून टाकली तर नुकसान २,६१० रुपये. जागा रिकामी दिसते, जीव हळहळतो, पण बाग वाचू शकते.

शेतकऱ्याने ती उपटली नाहीत आणि रोग एक तृतीयांश बागेत पसरला, तर सुमारे ५७४ झाडं जातात. तोवर पाच महिने उलटलेले असतात आणि झाडामागे सत्तर रुपये खर्च झालेला असतो. म्हणजे चाळीस हजारांवर पाणी. तेही एका एकरात, आणि शेजाऱ्याचं नुकसान न धरता.

या हिशेबाने कुणीही पहिला रस्ता धरेल असं वाटतं. पण सरकारी मदत कधी सुरू होते ते बघा. केंद्राच्या आपत्ती निकषांप्रमाणे पीक नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच अनुदान मिळतं. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. मध्य प्रदेशात महसूल पुस्तक परिपत्रक ६(४), म्हणजे सगळे ज्याला ‘आरबीसी सहा-चार’ म्हणतात, त्याचे टप्पे २५ टक्क्यांपासून सुरू होतात. दोन्हीकडे सूत्र एकच: आधी बरंच नुकसान होऊ द्या, मग या.

म्हणजे ज्याने पाच टक्क्यांवर झाडं उपटली, शेजाऱ्यांची बाग वाचवली, त्याच्या हातात शून्य. ज्याने वाट पाहिली आणि आजूबाजूच्या चार गटांत रोग पसरू दिला, तो पंचनाम्याला पात्र. त्यालाही मिळतं किती? २०२२ पासूनच्या केंद्रीय निकषात बहुवार्षिक पिकांसाठी हेक्टरी २२,५०० रुपये, एकरी नऊ हजार. चाळीस हजारांच्या नुकसानीपुढे ही रक्कम कुणाला श्रीमंत करत नाही. पण शून्यापेक्षा नऊ हजार जास्त असतात, आणि कर्जात असलेला माणूस त्या नऊ हजारांकडे बघून चार दिवस थांबतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, नियमच तसा लिहिलेला आहे.

याच्या वर आणखी एक गुंता आहे. आपत्तीच्या अधिसूचित यादीत गारपीट आहे, पूर आहे, कडाक्याची थंडी आहे, कीड आक्रमणही आहे. विषाणूजन्य रोग त्यात सरळ बसत नाही. त्यामुळे दर वेळी ‘खास बाब’ म्हणून फाइल वर पाठवावी लागते आणि ती फिरत राहते. विम्याचंही तेच. महाराष्ट्रातली हवामान-आधारित फळपीक विमा योजना तापमान, वारा, गारपीट यांच्या आकड्यांवर पैसे देते, झाडाला रोग झाला म्हणून नाही. बऱ्हाणपूरचे केळी उत्पादक तर तसा विमा आपल्याकडेही लागू करा म्हणून वर्षानुवर्षं आंदोलनं करत आले. विमा असलेल्या बाजूला आणखी एक भीती असते: बाग उपटली आणि पुढे पडताळणीत केळीच दिसली नाही तर? या भीतीनेही पुष्कळ रोगट झाडं उभी राहतात.

नाक्यावर थांबलेला कायदा

कायदा अजिबात नाही असंही नाही. १९१४ चा विनाशकारी कीटक व पीडक कायदा आजही पुस्तकात आहे. त्याखाली केळीच्या मोझॅक रोगासाठी महाराष्ट्र आणि गुजरातमधून केळीचे कंद, मुनवे किंवा फळ सोडून झाडाचा कुठलाही भाग दुसऱ्या राज्यात नेण्यावर जुनी बंदी आहे. कृषी पदवीच्या अभ्यासक्रमात ती शिकवली जाते. प्रत्यक्षात इंदूर-इच्छापूर रस्त्यावर किंवा रावेर-बऱ्हाणपूर रस्त्यावर तासभर उभं राहिलात तर रोपांचे टेम्पो दोन्ही दिशांनी जाताना दिसतील. नाक्यावर जीएसटीचे कागद बघतात, वजन बघतात. रोपांचा व्हायरस तपासणीचा दाखला कुणी मागत नाही.

या बंदीची शब्दशः अंमलबजावणी करा असं म्हणण्यात शहाणपण नाही, धंदा बसेल. टिश्यू कल्चरची प्रमाणित रोपं हा चांगलाच मार्ग आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन पद्धत २००६ पासून आहे. मातृवृक्ष आणि रोपांचे लॉट विषाणूमुक्त आहेत की नाही ते त्यात तपासलं जातं. प्रश्न शेवटच्या टप्प्याचा आहे. एजंट रोपं आणून देतो, पावतीवर लॉट नंबर नसतो, तीन महिन्यांनी रोग दिसतो. शेतकरी म्हणतो लॅबमधून आला, लॅब म्हणते तुमच्या माव्याने आणला. कागदच नसल्यामुळे दोघांचंही खरं-खोटं होत नाही.

प्रशासनाची रचना बघितली तर बऱ्हाणपूर जिल्हा इंदूर विभागात येतो आणि जळगाव नाशिक विभागात. एका पिकासाठी दोन आयुक्त, दोन कृषी विभाग, दोन विद्यापीठं आणि दोन भाषांतली पत्रकं. निवडणूक आली की दोन्हीकडचे कलेक्टर आणि एसपी सीमा बैठक घेतात, दारू आणि रोकड कुठून येते ते नकाशावर बघतात. अशी बैठक जूनमध्ये मृगबागेच्या आधी केळीसाठी का होऊ नये? रावेरमधल्या एका गावात झाडं उपटायची मोहीम झाली आणि दोन किलोमीटरवरच्या बऱ्हाणपूरच्या गावात झाली नाही, तर माव्याला त्याचं सोयरसुतक नसतं.

नवापूरमध्ये जे झालं

लांब जायची गरज नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, गुजरातच्या सीमेवर. तेव्हा आजारी कोंबड्या किती टक्के आहेत हे मोजत कुणी बसलं नाही. बाधित ठिकाणापासून तीन किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी, आजारी असोत की धडधाकट, मारून पुरले आणि पक्ष्यामागे भरपाई ठरवली. भरपाई कमी होती अशी तक्रार झाली, ती रास्तही होती. पण तत्त्व बरोबर होतं: तुझा माल आम्ही इतरांच्या भल्यासाठी नष्ट करतो, म्हणून त्याची किंमत सगळ्यांनी मिळून द्यायची. पुढे २००९ मध्ये प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांसाठी वेगळा कायदाही आला.

कोंबडीला लागू झालेलं हे तत्त्व केळीच्या झाडाला लागू नाही. ऑस्ट्रेलियात ते पिकांनाही आहे. तिथे सरकार आणि उत्पादक संघटना यांच्यात करार आहे. नवा घातक रोग सापडला की खर्च दोघांनी वाटून घ्यायचा, आणि ज्याचं पीक नष्ट केलं त्याला ठरल्याप्रमाणे भरपाई द्यायची. हेतू स्पष्ट आहे: शेतकऱ्याने रोग लपवू नये, पहिल्याच दिवशी फोन करावा.

हरण्या ही रंगीत तालीम

हे सगळं आजच का, तर पुढचा पाहुणा हरण्यापेक्षा वाईट आहे. केळीच्या पनामा मर रोगाची ‘टीआर-४’ नावाची बुरशी. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात ग्रो मिशेल जातीची केळी चालायची. या रोगाच्या जुन्या प्रकाराने ती बसवली. तिच्या जागी कॅव्हेंडिश गटातल्या जाती आल्या. आपली बसराई आणि ग्रँड नैन त्याच गटातल्या. टीआर-४ नेमकी त्यांनाच मारते. २०१९ मध्ये कोलंबियात ती सापडली तेव्हा त्या देशाने आणीबाणी जाहीर केली.

भारतात ती बिहारच्या कटिहार-पूर्णियात सापडली. नंतर उत्तर प्रदेशातले काही जिल्हे, गुजरातमध्ये सुरत आणि मध्य प्रदेशात बऱ्हाणपूर अशी नावं शास्त्रज्ञांच्या यादीत आली. बऱ्हाणपूरचं नाव त्या यादीत आहे ही गोष्ट रावेर, यावल आणि मुक्ताईनगरच्या शेतकऱ्याने शेजारची बातमी म्हणून वाचू नये. त्यातले सुरत आणि बऱ्हाणपूर हे दोन जिल्हे खानदेशाच्या दोन बाजूंना आहेत.

फरक समजून घ्या. हरण्या मातीत राहत नाही. बाग काढली, तण साफ केलं, की पुढच्या हंगामात त्याच शेतात केळी लावता येते. टीआर-४ मातीत राहते, वीस-तीस वर्षंसुद्धा. बुटाला लागलेला चिखल, ट्रॅक्टरची चाकं, वाहतं पाणी, बाधित शेतातले मुनवे यांतून ती पुढे जाते. उत्तरेत केळी घेऊन गेलेला ट्रक चिखल घेऊन परत येतो, आणि तो थेट बांधावर उभा राहतो. म्हणून तिथे उपायही वेगळा: झाड उपटून ओढत न्यायचं नाही, जागेवरच नष्ट करायचं, तेवढा तुकडा कुंपण घालून बंद करायचा आणि तिथलं पाणी दुसरीकडे जाऊ द्यायचं नाही. लखनौच्या आयसीएआर संस्थांनी ‘फ्युसिकॉन्ट’ नावाचं ट्रायकोडर्मावर आधारित जैविक औषध तयार केलं आहे, त्याने आटोक्यात ठेवायला मदत होते. पण माती पुन्हा कोरी होत नाही.

आता विचार करा. हरण्यात ८७ झाडांचे पैसे मिळत नाहीत म्हणून शेतकरी गप्प बसतो. टीआर-४ मध्ये तर स्वतःहून कळवणं म्हणजे आपलीच जमीन वर्षानुवर्षं केळीसाठी बंद करून घेणं. कोण कळवेल? आणि पहिल्याने कळवलं नाही तर बाकीच्यांना कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

पैसा कुठून येणार

केळी उत्पादकांचा स्वतःचा निधी उभा करता येतो. एकरी अडीचशे क्विंटल माल धरा. विक्रीच्या वेळी क्विंटलमागे पाच रुपये बाजूला काढले, निम्मे शेतकऱ्याचे, निम्मे खरेदीदाराचे, तर एकरी १,२५० रुपये जमतात. पाच टक्के झाडं उपटण्याची भरपाई २,६१० रुपये. म्हणजे जवळपास दर दुसऱ्या एकराला भरपाई द्यावी लागली तरी निधी तग धरतो. त्यात दोन्ही सरकारांनी तेवढीच भर घातली तर टीआर-४ साठी शिल्लकही राहते. २०२१ मध्ये तांदलवाडीची भौगोलिक मानांकनाची २२ टन केळी दुबईला गेली तेव्हा कौतुक झालं. ज्या मालाला निर्यातीचा बाजार आहे त्याला क्विंटलमागे पाच रुपये जड नाहीत.

यात अडचणी आहेत, त्या झाकू नयेत. पहिली, खोटे दावे: दुसऱ्याच कारणाने गेलेली झाडं हरण्याच्या नावावर दाखवली जातील. त्यासाठी उपटण्याआधी जागेच्या खुणेसह फोटो आणि शेजारच्या दोन गटधारकांची सही, एवढं गावपातळीवर जमण्यासारखं आहे. झाडामागची रक्कम खर्चापेक्षा जास्त ठेवली नाही तर निरोगी झाड उपटण्यात कुणाला फायदा नाही. दुसरी, उक्त्याने किंवा बटाईने शेत करणारा. केळी त्याची, पण सातबारा किंवा खसरा दुसऱ्याच्या नावावर. मदत मालकाच्या खात्यात जाते. इथे पैसे रोपांच्या पावतीवरच्या नावाने द्यावेत, म्हणजे लॉट नंबरची पक्की पावती घ्यायची सवयही लागेल. तिसरी अडचण बांधावरच्या खरेदीची, जी मंडीच्या नोंदीत येतच नाही. ती वजन काट्यावर पकडावी लागेल, आणि तिथे व्यापाऱ्यांचा विरोध होणार हे धरून चालावं.

चौथी अडचण मोठी. एका राज्याने योजना केली आणि दुसऱ्याने नाही, तर माल आणि रोपं पाच रुपये वाचवायला सीमा ओलांडतील. म्हणून ती दोन्हीकडे एकाच दिवशी सुरू व्हायला हवी. त्यासाठी इंदूर आणि नाशिकच्या आयुक्तांनी एका टेबलावर बसावं लागेल, भोपाळ आणि मुंबईने होकार द्यावा लागेल.

तोवर मृगबागेच्या आधी आपल्या हातात आहे तेवढं करता येतं. रोपं घेताना लॉट नंबर असलेली पावती आणि विषाणू तपासणीचा दाखला मागा, एजंट देत नसेल तर रोपं घेऊ नका. काकडी, टोमॅटो, मिरची केळीत घेऊ नका. पहिले तीन महिने बाग पायी फिरा. परराज्यातून आलेली गाडी शेतात घेऊ नका, रस्त्यावरच भरा. खोड चिरल्यावर आत तांबूस-तपकिरी रेषा दिसल्या, जुनी पानं कडेने पिवळी पडून देठात मोडून लोंबली, तर स्वतः निदान करू नका, झाड हलवू नका, कृषी विज्ञान केंद्राला कळवा. प्रत्येक पिवळं पान टीआर-४ नसतं, ते प्रयोगशाळेतच ठरतं.

आणि निवेदन द्यायला जाल तेव्हा या वर्षी मागणी थोडी बदला. ‘नुकसानभरपाई द्या’ याच्या आधी ‘उपटलेल्या पहिल्या झाडाचे पैसे द्या’ असं लिहा. बऱ्हाणपूरच्या निवेदनात आणि रावेरच्या निवेदनात हे एकच वाक्य असलं, तर दोन्ही सरकारांना ते टाळणं अवघड जाईल.